कुकी पुसली तरी ओळख उरते का? घरच्या नेटवर्कवर घेतलेल्या चाचणीच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५: मांडणी

कुकी म्हणजे साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, बहुधा पाहुण्याचा क्रमांक. ती पुसल्यावरही साइट ओळखते का, हे पाहण्यासाठी ही चाचणी. तपासायच्या गोष्टी तीन. लॉगिन न करता आलेला ब्राउझर परत आला तर साइटला कळतं का? तोच ब्राउझर दुसऱ्या साइटवर गेला तर कळतं का? आणि या ओळखीला माणसाचं नाव कधी चिकटतं? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात, म्हणून लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, तीन वेगळे रकाने ठेवले आहेत. एकाच रकान्यात भरलं तर हवा तो निष्कर्ष काढता येतो.

सर्व्हर म्हणून रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय'), त्यावर एनजिनएक्स हा वेबसर्व्हर, मागे पानं बनवायला पायथनचं फ्लास्क, नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये. पाहुणे म्हणून विंडोज ११ आणि डेबियन लिनक्सचे लॅपटॉप, एक आयफोन आणि एकाच मॉडेलचे दोन अँड्रॉइड फोन. जुळे फोन अत्यावश्यक आहेत. सगळी यंत्रं वेगवेगळी असतील तर कुठलीही पद्धत यशस्वी दिसते. पद्धतीचा कस लागतो तो दोन सारखी यंत्रं समोर आल्यावर. जुने, काच फुटलेले फोन चालतात. बाकी सामान घरात असेल तर खर्च मेमरी कार्डापुरता.

नावं तीन घेतली: बातमी डॉट टेस्ट, दुकान डॉट टेस्ट आणि माग डॉट टेस्ट. पहिल्या दोन साइट, तिसरा दोन्हींवर बसलेला माग काढणारा. एकाच डोमेनची (साइटच्या नावाची) तीन सबडोमेन, म्हणजे उपनावं, करून भागत नाही. ब्राउझरच्या लेखी ती एकच साइट ठरते, 'त्रयस्थ' कुणी उरतच नाही, आणि सगळ्या कुकी निर्धास्त इकडून तिकडे जातात. 'डॉट टेस्ट' हे चाचणीसाठी राखून ठेवलेलं टोक आहे, विकत घ्यावं लागत नाही. ही नावं पायच्या पत्त्याकडे वळवायला डीएनएसमास्क, म्हणजे घरातला छोटा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा).

अँड्रॉइडवर सेटिंगमधला 'प्रायव्हेट डीएनएस' बंद करावा; त्यात बाहेरच्या सेवेचं नाव लावलेलं असेल तर फोन राउटरला न विचारता थेट बाहेरच्या डीएनएसकडे जातो आणि साइट सापडत नाही. मोबाइल डेटाही बंद हवा. वायफायवर इंटरनेट नाही असं दिसलं की अँड्रॉइड काही न सांगता डेटाकडे सरकतो, मग मिनिटापूर्वी उघडलेलं पान अचानक गायब.

९ नोव्हेंबर: सर्टिफिकेटचा व्याप

एचटीटीपीएस, म्हणजे सांकेतिक जोडणी, टाळता येत नाही. त्रयस्थ कुकी (उघडलेल्या पानावर बसलेल्या दुसऱ्या साइटची) आणि क्रोमचे सविस्तर हेडर (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) दोन्ही त्याशिवाय मिळत नाहीत. एमकेसर्ट या साधनानं स्वतःची मूळ सर्टिफिकेट संस्था (साइटच्या ओळखीची ग्वाही देणारी) बनवली आणि ती प्रत्येक यंत्रावर चढवली. पूर्ण कामात सर्वाधिक वेळ इथे जातो, तेव्हा हे नीट वाचा.

आयफोनवर प्रोफाइल बसवणं पुरेसं नाही. त्यानंतर सेटिंग, जनरल, अबाउट यात अगदी तळाशी असलेल्या 'सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज'मध्ये जाऊन बटण चालू करावं लागतं. अँड्रॉइडचा क्रोम वापरकर्त्यानं चढवलेलं सर्टिफिकेट मानतो, अँड्रॉइडचा फायरफॉक्स मानत नाही. त्यासाठी फायरफॉक्सच्या 'अबाउट' पानावर लोगोवर पाच वेळा टिचकी मारायची, म्हणजे एक गुप्त मेनू उघडतो आणि त्यात तृतीय पक्षाची सर्टिफिकेट वापरण्याची मुभा सापडते.

पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज गेली आणि नेटवर्क इंटरनेटपासून तोडलेलं असलं, की पाय बंद पडतानाच्या वेळेपासून पुढे मोजू लागतो. लॉगमध्ये सकाळची भेट आदल्या रात्रीच्या वेळेला नोंदलेली दिसली ती यामुळे. पायला वेळ पुरवायला डेबियनच्या लॅपटॉपवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम लावला.

१५ नोव्हेंबर: नुसता सर्व्हरचा लॉग

आज पानावर स्क्रिप्ट नाही, कुकी नाही. ब्राउझर आपणहून काय सांगतो एवढंच पाहिलं. एनजिनएक्सच्या ठरीव लॉगमध्ये भाषेचा हेडर येत नाही, तो स्वतंत्र जोडावा लागतो, आणि मराठी वाचकांच्या बाबतीत तोच सर्वांत बोलका आहे.

क्रोमचा यूजर-एजंट (ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो ती ओळ) आता फारसं काही सांगत नाही. दोन्ही फोनवर 'अँड्रॉइड १०; के' एवढंच येतं, फोनवर अँड्रॉइड १० नसलं तरी. आवृत्तीतही पहिला आकडा खरा आणि पुढे शून्यं. पण सर्व्हरनं उत्तरात 'अ‍ॅक्सेप्ट-सीएच' हेडर लावून मॉडेल मागितलं, की पुढच्या विनंतीपासून क्रोम फोनचं मॉडेल मुकाट्यानं देतो. वापरकर्त्याला विचारलं जात नाही. पहिल्याच भेटीत हवं असेल तर 'क्रिटिकल-सीएच' लावायचा, क्रोम तीच विनंती पुन्हा पाठवतो. फायरफॉक्स आणि सफारी हा प्रकार पाळत नाहीत.

भाषेच्या हेडरमध्ये ब्राउझरला लावलेल्या भाषा पसंतीच्या क्रमानं येतात; सफारीसारखे काही ब्राउझर फक्त पहिली सांगतात. मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी असा क्रम लावलेला ब्राउझर मराठी साइटवर गर्दीत मिसळतो. पण तोच ब्राउझर जर्मनीतल्या एखाद्या छोट्या दुकानाच्या साइटवर गेला तर त्या दिवसाच्या लॉगमध्ये बहुधा तो एकटाच मराठी असेल. फोनची भाषा मराठी ठेवणाऱ्याला ही किंमत पडते. भाषा बदला असा याचा अर्थ नाही, पण ती किंमत माहीत असावी.

आयपी पत्त्याची (इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकाची) चाचणी घरच्या नेटवर्कवर निरर्थक आहे, म्हणून तेवढ्यापुरतं एक पान बाहेरच्या सर्व्हरवर ठेवून मोबाइल डेटावरून उघडलं. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत मोबाइल कंपनी असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते, म्हणून त्या पत्त्यावरून एक फोन ओळखता येत नाही. सर्व्हरला आयपीव्ही६ या नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीचा पत्ता दिला की चित्र उलटतं. मोबाइल नेटवर्क प्रत्येक फोनला ६४ बिटांचा स्वतःचा उपसर्ग (पत्त्याचा पुढचा अर्धा भाग) देतं. फोन मागचे ६४ बिट मधूनमधून बदलतो, पुढचे ६४ ती जोडणी टिकेपर्यंत तेच. तेव्हा लॉगमध्ये पूर्ण पत्त्यांची तुलना केली तर एक फोन अनेक पाहुणे म्हणून दिसतो. नुसता उपसर्ग घेतला की एकच. विमान मोड लावून काढला की उपसर्ग सहसा नवा मिळतो. घरच्या फायबरवर मात्र तो बराच काळ टिकू शकतो, आणि त्यामागे अख्खं घर असतं.

पत्त्यावरून गाव काढणाऱ्या यादीवर विसंबू नका. मोबाइल डेटाची वाहतूक इंटरनेटवर बाहेर पडते ते शहर यादीत दिसतं, फोन कोल्हापुरात असला तरी. कंपनीचं नाव बहुधा बरोबर येतं.

१६ नोव्हेंबर: कुकी

स्वतःच्या साइटची कुकी सगळीकडे चालते, त्यात नवल नाही. फरक मुदतीत आहे. दहा वर्षांची मुदत मागितली तर क्रोम ती ४०० दिवसांवर आणतो. सफारी स्क्रिप्टनं लिहिलेल्या कुकीला ७ दिवस देते. सर्व्हरनं हेडरमधून दिलेल्या कुकीला सहसा ही मर्यादा नाही. आठवडाभर थांबण्याची गरज नाही, विकसकांच्या साधनांत मुदतीचा रकाना लगेच दिसतो.

त्रयस्थ कुकी आधी कुठेच बसेना. कारण सेमसाइट, म्हणजे कुकी दुसऱ्या साइटच्या पानावर चालेल का हे ठरवणारी सूचना. क्रोमनं फेब्रुवारी २०२० मधल्या ८० व्या आवृत्तीपासून, काही लिहिलं नसेल तर 'लॅक्स' धरायला सुरुवात केली आणि तशी कुकी दुसऱ्याच्या पानावर बसत नाही. 'सेमसाइट=नन' आणि 'सिक्युअर' दोन्ही लिहावं लागतं, एक सुटलं तरी कुकी नाकारली जाते. कन्सोलमध्ये पिवळी सूचना येते, सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीच नाही.

दुरुस्तीनंतर क्रोममध्ये बातमी आणि दुकान या दोन्ही साइटवर 'माग'ला एकच क्रमांक मिळाला. म्हणजे जुन्या पद्धतीचा पाठलाग क्रोमच्या साध्या खिडकीत अजून जसाच्या तसा चालतो. गूगलनं २०२० मध्ये या कुकी काढण्याचं जाहीर केलं, तारखा ढकलत नेल्या, जुलै २०२४ मध्ये बेत सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये वेगळी विचारणाही करणार नाही असं सांगितलं. इनकॉग्निटो या खासगी खिडकीत मात्र त्या मुळातच अडवलेल्या असतात. गंमत म्हणजे त्रयस्थाचं लोकल स्टोरेज (ब्राउझरमधली कुकीसारखी दुसरी साठवण) क्रोमनं २०२३ पासून साइटनिहाय वेगळं केलं आहे; तिथे तोच क्रमांक ठेवला तर दुसऱ्या साइटवर सापडत नाही. दरवाजा उघडा ठेवून खिडकीला जाळी, असा प्रकार.

फायरफॉक्सचा निकाल फसवा आहे. लॉगमध्ये 'कुकी आली: होय' दिसतं, म्हणून पाठलाग जमला असं वाटतं. प्रत्यक्षात फायरफॉक्स जून २०२२ पासून प्रत्येक साइटसाठी वेगळी बरणी ठेवतो. बातमीवर 'माग'ला एक क्रमांक, दुकानावर दुसराच. तेव्हा कुकी आली का हे नोंदवू नका, आतला क्रमांक नोंदवा. सफारीत २०२० च्या मार्चपासून त्रयस्थ कुकी पूर्ण बंद, रकाना कोरा.

मग दुवा सजवून पाहिला: बातमीवरच्या दुव्याच्या शेपटीला क्रमांक जोडायचा, दुकानानं तो वाचून स्वतःच्या कुकीत ठेवायचा. तिन्ही ब्राउझरमध्ये चालला. सफारीत अशा कुकीला एका दिवसाची मुदत मिळते हे खरं, पण ते सफारीनं माग काढणारा म्हणून हेरलेल्या डोमेनवरून आलेल्या दुव्यांपुरतं. घरातलं टेस्ट डोमेन तसं हेरलं जात नाही. ही एक गोष्ट या मांडणीत तपासता येत नाही.

२२ नोव्हेंबर: कुकी पुसल्यावर

कॅश (ब्राउझरनं जपलेल्या फाइलींचा साठा) आणि तिच्यातला ईटॅग. सर्व्हर चित्रासोबत एक खूण देतो, ब्राउझर पुढच्या वेळी 'माझ्याकडे ही खूण आहे, बदललं का?' असं विचारतो. चित्राची आवृत्ती सांगण्यासाठी असलेल्या या जागी पाहुण्याचा क्रमांक ठेवायचा. कॅश-कंट्रोलमध्ये 'प्रायव्हेट, नो-कॅश' हवं. 'नो-कॅश'चा अर्थ साठवू नका असा नाही, विचारल्याशिवाय वापरू नका असा आहे. 'नो-स्टोअर' लिहिलं तर खूणच उरत नाही.

दोन अडचणी आल्या. एनजिनएक्सची स्वतःची प्रॉक्सी कॅश चालू असेल आणि ती कॅश-कंट्रोलकडे दुर्लक्ष करत असेल, तर पहिल्या पाहुण्याचा ईटॅग सगळ्यांना वाटला जातो आणि घरातली सर्व यंत्रं एकच व्यक्ती ठरतात. दुसरी, खूण परत आल्यावर फ्लास्कनं ३०४ ('बदललेलं नाही') उत्तर त्याच ईटॅगसह द्यायला हवं. २०० ('ही फाइल घ्या') दिलं आणि नवी खूण लावली की ओळख दर भेटीला नव्यानं सुरू होते. चित्राऐवजी मजकुराची फाइल वापरणाऱ्यांसाठी: जीझिप (मजकूर आवळून पाठवणं) चालू असेल तर एनजिनएक्स खुणेपुढे 'डब्ल्यू/' लावतो, तुलना करण्याआधी ते काढा.

निकाल: क्रोमच्या 'डेटा पुसा' खिडकीत कुकी आणि कॅश यांचे दोन वेगळे चौकोन असतात. फक्त कुकीचा चौकोन निवडून पुसलं, पान उघडलं, जुना क्रमांक ईटॅगमधून परत आला आणि सर्व्हरनं तीच कुकी पुन्हा बसवली. लोकल स्टोरेज कुकीबरोबरच जातं, कॅश जात नाही. सुरक्षा संशोधक सॅमी कामकार यांनी २०१० मध्ये एव्हरकुकी बनवून हेच दाखवलं होतं, एक क्रमांक अनेक कोनाड्यांत ठेवायचा आणि एक उरला तरी बाकीचे भरून काढायचे. त्यातले फ्लॅशसारखे कोनाडे आज बुजले आहेत. शिवाय तिन्ही ब्राउझरची कॅश आता साइटनिहाय वेगळी आहे, त्यामुळे ईटॅगनं बातमी आणि दुकान जोडता येत नाही. परत आलेला ओळखता येतो, पाठलाग करता येत नाही. पहिल्या रकान्यात 'होय', दुसऱ्यात 'नाही'.

२९ आणि ३० नोव्हेंबर: फिंगरप्रिंटिंग

इथे काहीच साठवायचं नाही. पडद्याचं माप, प्रोसेसरचे गाभे, ग्राफिक्सचं नाव, वेळेचा पट्टा, फाँट, कॅनव्हासवर (पानातल्या चित्रफलकावर) काढलेल्या मजकुराचे पिक्सेल, यांची बेरीज हीच खूण.

जुळे फोन आधी वेगळे दिसले, कारण एकावर सिस्टिमचं अपडेट राहिलं होतं. ते केल्यावर कॅनव्हास, ग्राफिक्स, पडदा, सगळं सारखं. दोन फोन एकच पाहुणा झाले. मग एकाचं 'डिस्प्ले साइझ' एक पायरी वाढवलं. पडद्याची रुंदी आणि पिक्सेलचं गुणोत्तर बदललं, दोघे लगेच वेगळे. दुसऱ्यावर भाषा मराठी केली, अंतर आणखी वाढलं. फोन कारखान्यातून येतो तेव्हा गर्दीतला असतो, आपण सोयीसाठी फिरवलेलं प्रत्येक बटण त्याला गर्दीतून बाहेर काढतं.

क्रोमचीच भाषा मराठी असली तर स्क्रिप्टला ठरीव अंकपद्धती देवनागरी मिळते. ओळख म्हणून हे फार उपयोगी, आणि लॉगला घातक. ब्राउझरची वेळ 'टू-लोकेल-स्ट्रिंग'नं नोंदवली तर त्या फोनच्या तारखा देवनागरी अंकांत येतात आणि क्रमवारीत इतरांपासून तुटून एका टोकाला पडतात. 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' वापरा. वेळेच्या पट्ट्यातही मौज आहे: घड्याळ एकच, पण क्रोम 'एशिया/कलकत्ता' सांगतो आणि फायरफॉक्स 'एशिया/कोलकाता'. यूजर-एजंट खोटा लावणारं एक्स्टेंशन इथे पकडलं जातं.

देवनागरी कॅनव्हासवर काढली तर रोमनपेक्षा फरक जास्त उघडा पडतो. विंडोजवर निर्मला, ॲपलवर कोहिनूर, अँड्रॉइडवर बहुधा नोटो, लिनक्सवर लोहित किंवा नोटो. 'क्ष्म्य', 'र्‍या', 'ट्ठ' अशी जोडाक्षरं घेतली की प्रत्येक फाँट ती वेगळी बांधतो. पानाची भाषा मराठी लावली तर ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात, इतरांत हिंदी वळणाचे. एवढ्या एका ओळीवरून कार्यप्रणाली कळते.

फाँटची यादी ब्राउझर सरळ देत नाही, ती रुंदी मोजून काढावी लागते. एक मजकूर साध्या फाँटमध्ये मोजायचा, मग हव्या त्या फाँटचं नाव देऊन पुन्हा मोजायचा. रुंदी बदलली तर तो फाँट यंत्रावर आहे. विंडोजच्या लॅपटॉपवर कृतिदेव ०१० आणि श्री-देव ०७१४ असूनही चाचणी 'नाही' म्हणत राहिली. चाचणीचा मजकूर देवनागरी युनिकोडमध्ये होता, हे त्याचं कारण. हे जुने फाँट देवनागरी दिसतात, पण त्यांची अक्षरं रोमन कळांच्या जागी बसवलेली असतात. युनिकोड मजकुरासाठी ब्राउझर त्यांना बाजूला ठेवून निर्मलाकडे वळतो आणि रुंदी जशीच्या तशी राहते. रोमन 'एम', 'डब्ल्यू' आणि 'आय'ची माळ दिल्यावर दोन्ही ताबडतोब सापडले. डीटीपीचं काम करणाऱ्याच्या यंत्रावर असे शेकडो फाँट असतात. त्यातले कोणते आहेत आणि कोणते नाहीत, ही जोडी दुसऱ्या यंत्रावर तशीच मिळणं अवघड.

सफारी वापरकर्त्यानं स्वतः टाकलेले फाँट साइटला दाखवतच नाही. फायरफॉक्सच्या खासगी खिडकीत निकाल मध्येच बदलला: नोव्हेंबरात आलेली १४५ वी आवृत्ती चढल्यावर जुने फाँट दिसेनासे झाले आणि गाभ्यांची संख्या दोन येऊ लागली. साध्या खिडकीत काही फरक नाही. प्रत्येक नोंदीत ब्राउझरची आवृत्ती लिहा, नाहीतर दोन दिवसांचे निकाल जुळत नाहीत आणि दोष कुठे शोधायचा ते कळत नाही.

पाच-सहा यंत्रांवरून 'अमुक टक्के लोक ओळखता येतात' असं काढू नये. मोठ्या मोजण्याही एकमेकींशी जुळत नाहीत. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांच्या संस्थेच्या २०१० च्या मोजणीत ८३.६ टक्के ब्राउझर एकमेव निघाले, पण तिथे कुतूहलानं येणारे लोक होते. २०१८ मध्ये एका फ्रेंच साइटच्या वीस लाखांवर सामान्य वाचकांवर मोजलं तेव्हा ३३.६ टक्के. दुसरा आकडा नेहमीच्या साइटच्या जास्त जवळचा वाटतो.

६ डिसेंबर: लपण्याचे उपाय

इनकॉग्निटोत क्रोमची फिंगरप्रिंट साध्या खिडकीसारखीच आली. व्हीपीएननं (दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्फत जाऊन) पत्ता परदेशी झाला, वेळेचा पट्टा भारताचाच राहिला, आणि ती विसंगती स्वतःच एक खूण झाली. यूजर-एजंट बदलणारं एक्स्टेंशन सर्वांत वाईट: हेडर विंडोज म्हणतो, स्क्रिप्टला मात्र लिनक्स दिसतं. असा पाहुणा लॉगमध्ये दुरून ओळखू येतो.

ब्रेव्ह ब्राउझर कॅनव्हासमध्ये बारीक गोंधळ मिसळतो, तो साइटनिहाय आणि सत्रानिहाय बदलतो. कॅनव्हास बेरजेतून वगळावा लागला. टॉर ब्राउझर उलट वाटेनं जातो, सगळ्यांना एकसारखं करतो. खिडकीचा आकार ठरावीक पायऱ्यांत, पट्टा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), भाषा इंग्रजी ठेवू का असं विचारतो. दोन्ही लॅपटॉपवर टॉरच्या खिडकीचा आकार न बदलता पाहिलं तर कार्यप्रणालीपलीकडे फारसं हाती लागलं नाही.

१३ डिसेंबर: नाव कसं चिकटतं

इथवरचं सगळं ब्राउझरपुरतं होतं. नाव चिकटायला एक कृती पुरते: लॉगिन, ओटीपी, किंवा ईमेलमधल्या क्रमांक जोडलेल्या दुव्यावर एक टिचकी. त्यानंतर आधीच्या सर्व निनावी भेटी मागे जाऊन त्या नावावर चढवता येतात. एसक्यूलाइटमध्ये त्याला एका ओळीची आज्ञा लागते.

'आम्ही नंबर हॅश करून पाठवतो' या आश्वासनाची परीक्षाही घेतली. हॅश म्हणजे मजकुरावरून काढलेली, उलट न फिरवता येणारी खूण. भारतीय मोबाइल नंबर दहा अंकी, सुरुवात ६ ते ९ नं. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता. मीठ, म्हणजे आधी मिसळलेला यादृच्छिक मजकूर, न घालता केलेला एसएचए-२५६ हॅश घेऊन सगळे नंबर एकेक करून मोजत गेलं तर पायथनच्या साध्या लूपलाही तास-दोन तास पुरतात. ग्राफिक्स कार्डावर काही सेकंद. अशा हॅशला निनावी म्हणता येत नाही.

दुवा-ओळखीतला घोळ व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. ज्याला दुवा आला त्यानं तो गटात टाकला की गटातले सगळे वाचक त्याच्या नावावर जमा होतात. त्याआधीच, पाठवणाऱ्याचं व्हॉट्सअ‍ॅप झलक दाखवण्यासाठी पान स्वतः मागवतं आणि लॉगमध्ये कुणी न मारलेली टिचकी पडते. यूजर-एजंटमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं नाव असतं, ते गाळा. ईमेलमधल्या अदृश्य चित्राचंही तसंच: जीमेल ते गूगलच्या सर्व्हरमार्फत आणतो, त्यामुळे पत्ता वाचकाचा नसतो, ॲपल मेल संरक्षण चालू असेल तर पत्र न उघडताही आणतो. 'उघडलं' हा रकाना काढून टाकला.

१४ डिसेंबर: आवराआवर

फोनवरची मूळ सर्टिफिकेट आधी काढा. एमकेसर्टची खासगी किल्ली ज्याच्या हाती पडेल तो त्या फोनसाठी कुठल्याही बँकेच्या साइटचं खोटं सर्टिफिकेट बनवू शकतो. अँड्रॉइडवर 'युजर क्रेडेन्शियल्स'मधून, आयफोनवर प्रोफाइल पुसून, विंडोजवर एमकेसर्टच्या 'अनइन्स्टॉल' आज्ञेनं. ही आज्ञा किल्लीची फाइल पुसत नाही. ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे 'कॅरूट' आज्ञा सांगते, तिथून हातानं काढायची. फायरफॉक्समधली गुप्त मुभा बंद, प्रायव्हेट डीएनएस पुन्हा चालू. बाहेरच्या सर्व्हरवरचं पान आणि त्याचा लॉग पुसला. त्या पत्त्यावर शोधयंत्रांचे आणि भोकं हुडकणारे बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्राम) येऊन गेले होते, मोजणीत ते आधीच वगळले आहेत.